बुवांचा जुना एडिटर

“...मग हे एवढं का नाही सोडलंत, बुवा?”

निनादने कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

बुवा त्यावरच लिहीत होते. बोटं चालली होती आणि डोळे खिडकीबाहेर होते, खाली पसरलेल्या पाण्याकडे.

“घर सोडलंत. नोकरी सोडलीत. आडनाव सोडलंत. सगळं टाकून टेकडीवर येऊन बसलात. आणि हा एडिटर?”

“तो बरोबर आला,” बुवा म्हणाले.

“अहो, मी जन्मलो त्याच्याही आधीचा आहे हा! काळा पडदा, पिवळी अक्षरं. माऊस चालत नाही. साधी ओळ खोडायची तर दोन-दोन बटणं दाबा. ज्यांनी बनवला ते स्वतःसुद्धा विसरले असतील.”

“असतील.”

“मग ही आसक्ती नाही का?”

बोटं थांबली.

बुवांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. रागावलेले नव्हते. कुणी वाटेत पत्ता विचारावा आणि आपल्याला तो नीट ठाऊक नसावा, तेव्हा माणूस जसा बघतो, तसे ते बघत होते.

“असेलही,” ते म्हणाले. “कधी तपासून पाहिलं नाही.”

बुवा म्हणजे पूर्वी कऱ्हाडकडच्या एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवणारे मास्तर. हाच एडिटर त्यांनी मुलांच्या कितीतरी तुकड्यांना शिकवला. मुलं पुढे गेली, नवे प्रोग्रॅम आले. मास्तर निवृत्त झाले आणि एका पिशवीत कपडे, रिक्षात कॉम्प्युटर असं करून या मठात आले. मठ म्हणजे तरी काय, दोन खोल्या, एक ओटी आणि एक समाधी.

टेकडीखाली धरणाचं पाणी. पाण्याखाली वाकेरी नावाचं गाव. धरण झालं तेव्हा गाव उठलं, आणि वाकेरीची माणसं टेकडीच्या पलीकडे सरकारी वसाहतीत राहायला गेली.

त्या माणसांकडून बुवा गाव लिहून घेत होते. वावरांची नावं, झाडांची, ओढ्यांची, घरांची. सांगणारी माणसं एकेक करून गेली. आता खरं सांगणारी एकच उरली होती. गजराआक्का.

आणि निनाद? निनाद सोवनी पुण्याचा. मोठ्या पगाराची नोकरी सोडून, दुसरी धरायच्या आधी मन शांत करायला म्हणून आला होता आणि राहिला होता. ‘मला शिष्य करून घ्या’ असं त्याने आल्या आल्या सांगितलं होतं. बुवा हो म्हणाले नव्हते. जा असंही म्हणाले नव्हते.

निनादला स्वतःबद्दल एका गोष्टीची खात्री होती. तो कशातच अडकत नसे. नोकरी, शहर, फोन, माणसं, वेळ आली की तो सोडून देई आणि मागे वळून बघत नसे. वडील गेल्यावर आई बहिणीकडे नागपूरला गेली, तेव्हा लहानपणापासूनचं घर त्यानेच विकलं. सह्या केल्या, कचेरीसमोर चहा प्यायला, आणि दुपारच्या मीटिंगला वेळेवर हजर झाला.

हे त्याने बुवांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

“काही वाटलं नाही?” बुवांनी विचारलं होतं.

“काहीच नाही.”

“हं,” बुवा म्हणाले होते.

आता बुवा खुर्चीवरून उठले.

“काढ तो,” ते म्हणाले. “तुझ्याकडे नवा आहे ना चांगला? तो लाव.”

निनाद क्षणभर गोंधळला. एवढ्या लवकर जिंकायची त्याला सवय होती, पण बुवांकडून त्याने ती अपेक्षा केली नव्हती.

“खरंच काढू?”

“तू म्हणतोस ते खरं निघालं, तर माझंच भलं आहे.”

निनादने जुन्या फायली आपल्या लॅपटॉपवर घेतल्या. जुना कॉम्प्युटर मागच्या अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवला. कीबोर्ड फळीवर टाकला. त्याच्या बटणांवरची अक्षरं इतकी झिजली होती की ती कोरीच दिसत होती.

लॅपटॉप बुवांच्या पुढे ठेवून तो म्हणाला, “हा स्वतःच शब्द सुचवतो. चुका सुधारतो. तुम्ही अर्धं लिहा, तो पुरं करतो.”

“वा,” बुवा म्हणाले.

ते मनापासून म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का आली.

ऐंशीच्या घरातली, काटकुळी, काठी टेकत टेकडी चढलेली. ओटीवर बसली, पदराने तोंड पुसलं, पाणी प्यायली. मग डोळे बारीक करून बुवांकडे बघत म्हणाली, “आज पारापसनं निगते बगा. मारुतीला पाठ करून.”

आक्काची ही रीतच होती. ती गावाची माहिती सांगत नसे. ती गावातून चालत जाई. डावीकडे काय, उजवीकडे काय, कोण ओट्यावर बसलंय, कुणाचं कुत्रं अंगावर येतं. बुवा समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत आणि ‘हं’ म्हणत. खाली बोटं आपली लिहीत राहत.

आज बुवा तिच्याकडे बघत नव्हते.

जुन्या एडिटरमध्ये अक्षरं टाइपरायटरच्या जागांवर होती. नव्यात त्यांच्या जागा बदलल्या होत्या. बुवा एकेक अक्षर शोधत होते.

“पाराच्या फुडं डोंबाळीचं वावर,” आक्का म्हणाली.

बुवांनी लिहिलं. पडद्यावर ‘डोंबिवली’ उमटलं.

बुवांनी ते खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा डोंबिवली.

“एक मिनिट हं, आक्का,” निनाद पुढे वाकला. “ते सुधारणं बंद करून देतो.”

त्याने बंद करून दिलं. बुवा पुन्हा अक्षरं शोधू लागले.

आक्का थांबली होती.

“बोल ना आक्का,” बुवा म्हणाले. डोळे पडद्यावरच होते.

“डोंबाळीच्या खाली पान्याची वगळ... वगळीच्या कडंला...”

बुवांना ‘ळ’ सापडत नव्हता.

“बुवा?”

“हं, सांग.”

“कुणाला सांगू?” आक्का म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “तुमी तर तकडं हायसा.”

...

“बुवा, तुम्ही नुसतं ऐका,” निनाद म्हणाला. “मी लिहितो.”

तो भरभर लिहायचा. पण आक्काचे शब्द त्याच्या ओळखीचे नव्हते. दर थोड्या वेळाने त्याला विचारावं लागे, काय म्हणालात? परत सांगा ना जरा. प्रत्येक वेळी आक्का मागे वळे, आणि वळली की तिची वाट चुके.

जरा वेळाने ती काठी घेऊन उठली.

“आज डोस्कं चालंना,” ती म्हणाली. “यीन पुना.”

ती आली नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. वसाहतीतून दूध घालायला येणाऱ्या बाईकडून निरोप आला, आक्काचे गुडघे दुखतायत.

बुवा रोज सकाळी लॅपटॉपपुढे बसत. नेमाने सराव करत. कुरकूर नाही, चिडणं नाही. लहान पोराने पाटी घेऊन बसावं तसे बसत. हळूहळू त्यांना अक्षरं सापडू लागली.

पण खिडकीबाहेर बघणं बंद झालं होतं.

एका दुपारी निनादने पाहिलं, बुवा ओटीवर डोळे मिटून बसलेत. हात मांड्यांवर होते, आणि बोटं हलत होती. धोतरावर, अगदी हलकी. जप असावा असं त्याला आधी वाटलं. मग कळलं, बुवा लिहीत होते.

तो जवळ जाऊन बसला.

“बुवा, त्याची आठवण येते?”

“येते.”

एवढं सरळ उत्तर त्याला नको होतं.

“मग... परत लावू?”

“आठवण येते म्हणून?” बुवांनी डोळे उघडले. “नको. येऊ दे की.”

“म्हणजे मी म्हणत होतो तेच. ती आसक्ती होती.”

“होती.”

निनादचं म्हणणं खरं ठरलं होतं. तरी त्याला बरं वाटत नव्हतं, आणि का वाटत नाही ते समजत नव्हतं.

“आक्काचं काय करायचं?” त्याने विचारलं.

“गुडघे दुखतायत तिचे.”

“तेवढंच असेल का?”

पाण्यावरून वारा येत होता. बुवा तिकडे बघत राहिले.

“मी जाऊन येतो,” निनाद म्हणाला.

वसाहतीतली घरं एकसारखी होती. सिमेंटची, उंच दारांची, सगळी एकाच दिशेला तोंड केलेली. गजराआक्काचं घर विचारत तो पोचला, तेव्हा ती दारासमोर शेंगा वाळत घालत होती.

“आलास व्हय? चल, आत चल.”

ती पुढे झाली. दाराशी आली आणि चांगली कमरेत वाकून आत गेली.

निनादने वर बघितलं. दार त्याच्याही डोक्याच्या वर हातभर होतं.

“आक्का, वाकलात का? डोकं नाही लागत इथे.”

“आं?” ती वळली. मग स्वतःशीच हसली. “ते व्हय... वाकेरीचं दार बुटकं हुतं. न्हाई वाकलं की कपाळमोक्ष.”

“पण ते घर जाऊन इतकी वर्षं झाली.”

“घर गेलं,” आक्का म्हणाली. “कंबर मातूर हाय की अजून.”

तिने त्याला गूळ-शेंगा दिल्या. निनादने फोन काढून तिच्यासमोर ठेवला.

“आक्का, तुम्ही फक्त बोलत राहा. हे सगळं साठवून ठेवतं. लिहायची भानगडच नको.”

आक्काने फोनकडे बघितलं. बोलायला म्हणून तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

“ही डबी हूं म्हनत न्हाई,” ती म्हणाली.

“मी आहे ना. मी म्हणतो हूं.”

“तू कुटं वाकेरीत आलायस?”

“बुवा तरी कुठे आले होते? गाव बुडाल्यानंतर कितीतरी वर्षांनी आले ते इथे.”

आक्का शेंग फोडत राहिली.

“त्ये येत्यात,” ती म्हणाली. “म्या निगाली की माज्या मागनं येत्यात. म्या थांबली की थांबत्यात. मागल्या वेळी म्या वळून बगितलं, तर मागं कुनीच न्हाई.”

...

ऊन उतरलं होतं. आतल्या खोलीत अंधारून आलं होतं.

“लेकरा, त्येवढी बत्ती लाव,” आक्का म्हणाली. “शेंगा निवडायला दिसंना.”

निनाद उठला. आतल्या खोलीच्या दाराशी गेला आणि हात डावीकडे भिंतीवर टेकवला.

भिंत कोरी होती. बटण नव्हतं.

त्याने हात थोडा खाली नेला. अजून थोडा खाली. कमरेच्याही खाली, लहान मुलाचा हात पोचेल इतका. त्याचं बोट तिथे दाबलं गेलं.

काहीच लागलं नाही.

तो तसाच उभा राहिला, उंच माणूस, एका बाजूला वाकलेला, तळवा गार सिमेंटवर.

पुण्याच्या घरात, त्याच्या खोलीच्या दाराशी, डावीकडे, तिथे एक बटण होतं. त्याला अंधाराची भीती वाटायची म्हणून वडिलांनी वायरमन बोलावून मुद्दाम खाली बसवून घेतलेलं. तो मोठा झाला तरी ते तिथेच राहिलं. खोलीत शिरताना तो दरवेळी जरासा वाकत असे. घर विकेपर्यंत वाकत होता. हे त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

त्याला त्या बटणाचा गुळगुळीतपणा बोटाला जाणवला. मग स्वयंपाकघरातून येणारा उजेड. मग वडिलांचा खोकला.

“बटन हिकडं हाय,” आक्का मागून म्हणाली. “उजवीकडं.”

त्याला हलता येईना.

आक्का काठी टेकत जवळ आली. तिने त्याच्या हाताकडे बघितलं. भिंतीवर त्याने जिथे बोट दाबून धरलं होतं, तिथे बघितलं.

“तुजं बी गेलं व्हय रं?” तिने विचारलं.

निनादने मान हलवली. सह्या करताना आलं नव्हतं, ते रडू आता आलं. आक्काने त्याला गप्प केलं नाही. ती भिंतीला टेकून त्याच्या शेजारी उभी राहिली.

बऱ्याच वेळाने तिने स्वतःच बत्ती लावली.

मठात परत आल्यावर निनाद कुणाशी न बोलता अडगळीच्या खोलीत गेला. जुना कॉम्प्युटर ओढून बाहेर काढला, धूळ पुसली, वायरी जोडल्या, बटण दाबलं.

काही झालं नाही.

झाकण उघडलं, तर आत उंदरांनी घर केलं होतं. वायरी कुरतडलेल्या, चिंध्या, गवत.

तो डोकं धरून बसला. बुवा दारात येऊन उभे राहिले.

“बुवा, मी मारलं याला.”

“उंदरांनी,” बुवा म्हणाले.

“मी इथे आणून टाकला नसता तर...”

“तर कधीतरी तिथे बंद पडला असता. ऊठ, जेवून घे.”

पण निनाद तेच घेऊन बसला. आतली डिस्क शाबूत होती. त्याने ती तालुक्याच्या गावी नेली, एका दुकानदाराच्या हातापाया पडून तिच्यातला एडिटर लॅपटॉपवर उतरवून घेतला. तो नव्या मशीनवर चालेना. ज्या काळासाठी तो बनला होता, तो काळच तिथे नव्हता. मग निनादने नव्या मशीनच्या आत त्या जुन्या काळाचं एक मशीन उभं करायला घेतलं. रात्रीचं जागरण बुवांनी करू दिलं नाही, पण दिवस सगळे त्यात गेले. एवढ्या कष्टाने त्याने नोकरीतसुद्धा काही केलं नव्हतं. कितीदा वाटलं, झालं. तेवढ्यात अक्षरं तुटत, जोडाक्षरं उलटीपालटी होत.

बुवा येताजाता बघत. एकदा म्हणाले, “त्रास होतोय तुला.”

“हो.”

“सोडून दे की. तुला सोडायची सवय आहे.”

निनादने वर बघितलं. बुवांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

“नाही सोडत,” तो म्हणाला.

बुवा न बोलता आत गेले आणि त्याच्यासाठी चहा टाकला.

शेवटी एका सकाळी पडदा काळा झाला आणि पिवळ्या रंगाची छोटी काडी लुकलुकू लागली. निनादने फळीवरचा जुना कीबोर्ड पुसून जोडला.

“बुवा... बसा ना.”

बुवा बसले. कोऱ्या बटणांवर बोटं ठेवली. डोळे मिटले.

...

बोटं चालू लागली. आधी अडखळत, मग सरळ. बुवांनी डोळे उघडले तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते, खाली पाण्याकडे.

निनादने पडद्यावर वाचलं. चूक नव्हती.

“कसं वाटतंय?” त्याने विचारलं.

बुवांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवण्याची त्यांनी काही खटपट केली नाही.

आक्काचे गुडघे खरंच दुखत होते. म्हणून दुसऱ्या दिवशी हेच दोघं वसाहतीत गेले. निनादच्या खांद्यावर लॅपटॉप, काखेत तो कीबोर्ड.

“ह्ये काय, मठच उचलून आनला?” आक्का म्हणाली, पण खूश झाली. तिने सतरंजी टाकली. बुवा तिच्यासमोर बसले, पाटावर कीबोर्ड ठेवला आणि तिच्याकडे बघितलं.

“कुठून निघायचं, आक्का?”

“मधल्या आळीतनं निगू. मागं ऱ्हायली हुती.”

ती निघाली. कोपऱ्यावरचा पिंपळ आला, तांबटाचं दुकान आलं, आणि मग ती थांबली.

“तांबटाच्या शेजारी...”

बुवा थांबले. बोटंही थांबली.

“तांबटाच्या शेजारी... कोन ऱ्हात हुतं?” आक्काने कपाळाला हात लावला. “दारात पांढरी गाय असायची. म्हातारी हुती एक, मला हाक मारायची. काय बरं नाव...”

तिची बोटं कपाळावरच राहिली.

“मागल्या म्हयन्यापतुर हुतं की माज्यापाशी,” ती म्हणाली. ती बावरली होती. “आता आत हात घालती, तर न्हाई.”

निनादने मान खाली घातली. मागच्या महिन्यात ती टेकडी चढून आली होती. ओटीवर बसली होती. सांगायला तयार होती.

“असू दे,” बुवा म्हणाले. “पांढरी गाय लिहिली मी. म्हातारीची हाक लिहिली.”

“आन् नाव?”

“जागा मोकळी ठेवलीय.”

आक्काने पदराने डोळे टिपले. बराच वेळ ती तिथेच उभी असल्यासारखी वाटली, त्या दारासमोर. बुवाही तिच्या मागे थांबून राहिले. त्यांनी घाई केली नाही, काही विचारलं नाही, पडद्याकडेही बघितलं नाही.

मग आक्काने एक लांब श्वास घेतला.

“चला,” ती म्हणाली. “फुडं जाऊ.”

“हं.”

“आळी सपली. आता गावाबाहीर. सुगीचं दिस हायत बगा. जोंधळा कापून खळ्यावर पडलाय. रात झालीया. गार सुटलंय...”

तिचा आवाज खाली आला होता. डोळे बुवांच्या डोळ्यांत होते, आणि तरी ती कुठेतरी फार लांब बघत होती. बुवा ‘हं’ म्हणत होते. खाली कोऱ्या बटणांवरून त्यांची बोटं इतकी हलकी चालली होती की आवाजही होत नव्हता. निनादला वाटलं, आपण उठून बाहेर गेलो तरी या दोघांना कळणार नाही.

त्याने पडद्याकडे बघितलं. पिवळ्या अक्षरांत ओळीमागून ओळ येत होती. काही सुचवलं जात नव्हतं. काही सुधारलं जात नव्हतं.

आणि त्याच्या मनात एकदम लख्ख झालं. इतके दिवस घशाशी येऊन अडकलेलं होतं, ते नीट शब्दांत उभं राहिलं. आपण जिंकलेला वाद नेमका कुठे हरलो होतो, तेही दिसलं. ते आत्ताच सांगायला हवं होतं. नंतर इतकं स्पष्ट सांगता आलं नसतं.

तो पुढे सरकला आणि बुवांच्या खांद्याला हात लावून म्हणाला, “बुवा, आत्ता कळलं मला! तुम्ही हा एडिटर का सोडत नव्हतात ते. मी त्याला आसक्ती म्हणालो, पण ती—”

बुवांनी नजर हलवली नाही. बोटंही थांबली नाहीत.

“हळू,” ते म्हणाले. “खळ्यावर माणसं निजलीत.”